अर्ध्या भाजलेल्या पावाविषयी

तुये, पेडणे
१९ नोव्हेंबर २०२४

ती. कृष्णनाथ काकांस,

तुम्हाला ‘काका’ लिहायचा हक्क परवाच्या रविवारी माझ्याकडे उरला की नाही, हे मला नक्की कळलेले नाही. ‘श्री.’ लिहून पाहिले, तर वीज खात्याला अर्ज केल्यासारखे वाटले. म्हणून काकाच लिहितो. चूक असल्यास खोडावे.

मी साईश. रघुनाथ मामांबरोबर नारळ आणि पानसुपारी घेऊन डिचोलीला तुमच्या घरी क्षमाला मागणी घालायला आलो होतो, तो. आम्ही सव्वा अकराला आत आलो आणि अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी बाहेर होतो. तुम्ही शिक्षण विचारलेत. मी म्हणालो, बारावी सायन्स, परीक्षा पुरी केली नाही. तुम्ही कारण विचारलेत. मी म्हणालो, घरची अडचण. मग तुम्ही खुर्ची मागे सारलीत आणि म्हणालात, “अर्धो भाजलेलो पाव मी रोज सकाळी पोदेराक परत धाडतंय. तसलो घरात कसो घेवं?”

वाटेत मामा म्हणाले, “तोंडार मारल्यान. ह्याका उत्तर नाय.” समोर माणूस असला की माझे शब्द घशात बसून राहतात. कागदावर ते रांगेने येतात.

क्षमाने मला सांगितले आहे, की बाजारातल्या तुमच्या हॉटेलात रोज दीडशे पाव येतात आणि तुम्ही प्रत्येक पाव अंगठ्याने दाबून पाहता. म्हणजे आपण दोघे एकाच धंद्यातले. मी तुये औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणे करणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे, सहा वर्षे. आमच्याकडे माल नापास केला तर चिठ्ठीवर कारण लिहावे लागते. पहिल्या महिन्यात मी लिहिले, ‘नमुन्यासारखे नाही.’ आमच्या विभागाच्या प्रमुख पद्मावती मॅडमनी चिठ्ठी माझ्या हातात परत ठेवली. “कशात नाही? आट्यात, जाडीत, रंगात? ‘सारखे नाही’ हे कारण नव्हे रे, ती कुरकुर झाली.”

त्याच वर्षी एकाने बाराशे हिरवी झाकणे नापास केली, कारण कपाटातला नमुना निळा होता. नंतर कळले, तो नमुना फक्त आट्यांसाठी ठेवलेला. रंगाबद्दल कोणी काही म्हटलेच नव्हते. ते तो मनातल्या मनात धरून चालला होता. बाराशे चांगली झाकणे दोन दिवस कोपऱ्यात पडून राहिली.

म्हणून मी तुमचे बोलणे कागदावर मांडून पाहिले. अर्धा भाजलेला पाव परत जातो. साईश अर्धा शिकलेला आहे. म्हणून साईश परत. ह्यात मध्ये कुठेतरी एक वाक्य आहे, जे तुम्ही बोलला नाहीत, पण त्याच्यावाचून बाकीची वाक्ये उभी राहत नाहीत. मी पावासारखा आहे, पण कशात? माझा एक अंदाज असा, की शाळा ही माणसाची भट्टी, आणि तेवढी एकच. दुसरा अंदाज, की एकदा बाहेर काढलेला पाव पुन्हा भाजता येत नाही. दुसरा तपासता येण्यासारखा आहे. तपासून कळवतो.

आपला नम्र,
साईश

ता. क. पाववाल्यासाठीचा ‘पोदेर’ हा शब्द कोशात सापडला नाही. बोलतो तसा लिहिला आहे.


तुये
२ डिसेंबर २०२४

ती. काकांस,

तुमचे उत्तर नाही, पण क्षमाने फोनवर सांगितले, की अकरानंतर गर्दी ओसरल्यावर तुम्ही गल्ल्यावर बसून पत्र दोनदा वाचलेत आणि विनोदिनी काकींना म्हणालात, “अक्षर बरां आसा.” मी तेवढ्यावर आठवडा काढला.

आता प्रयोगाचे. आमच्या वाड्यावरचा पाव आग्नेल पोदेर भाजतो. त्याची भट्टी मातीची आहे, लाकडावरची. मी त्याच्याकडे जाऊन आठ पाव मुद्दाम अर्धे भाजून मागितले. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “तुका बरें ना मरे?” मी सगळे सांगितले, तेव्हा तो पोटभर हसला आणि पैसे घेतले नाहीत.

चार पाव तासाभराने पुन्हा भट्टीत घातले. ते रंगाने चांगले आले, पण बूड कडक झाले. बाकीचे चार संध्याकाळी घातले. त्यांच्याविषयी स्पष्टच लिहितो: त्यांनी भिंतीत खिळा ठोकता आला असता. आमच्या कुत्र्याने एक चाटला आणि माझ्याकडे असे पाहिले, की मीच ओशाळलो.

म्हणजे तुमचे म्हणणे बरोबर निघाले. मागे राहिलेला पाव पुन्हा भट्टीत घालून पाव होत नाही. मी स्वतः पाहिले आहे, तेव्हा लपवणे बरे नव्हे.

पण पाव काढायचे लांब फावडे भिंतीला टेकवता टेकवता आग्नेल एक बोलला. “पाव आपणें कांयच करिना. हांव घालतां, हांव काडटां.” पाव स्वतः काहीच करत नाही, घालणारा तो, काढणाराही तो. मी घरी येईपर्यंत तेच मनात घोळवत होतो. तुमच्या वाक्यात मी परातीत पडलेला आहे. कोणी भाजला तर भाजला. शाळा सोडल्यावर मी कारखान्यात मोजमापाची साधने वापरायला शिकलो, इंग्रजी पत्रे लिहायला शिकलो, गेल्या वर्षी तर नवीन आलेल्या दोन डिप्लोमावाल्यांना तपासणी मी शिकवली. हे मला कोणी आत घालून केले नाही. पाव असे करत नाही.

तरी हे पुरे उत्तर आहे असे मला वाटत नाही. तुम्ही एवढ्या साध्या गोष्टीसाठी खुर्ची मागे सारणारे गृहस्थ नव्हेत. तुमच्या बोलण्याखाली आणखी काही आहे. शोधतो.

आपला,
साईश


तुये
१६ डिसेंबर २०२४

ती. काकांस,

तुमची चिठ्ठी मिळाली. क्षमा मोपाला विमानतळावर सकाळच्या पाळीला जाते, तिने ती तिथल्या बसथांब्यावर मला दिली. बिलाच्या पाठीमागे दोनच ओळी: ‘आच किती होती? लाकूड कसले?’ मी ती चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे. उत्तर असे: लाकूड काजूचे, थोडे आंब्याचे. आच मोजायला साधन नव्हते. आग्नेल पिठाची चिमूट आत टाकतो आणि ती किती वेळात काळी होते ते बघतो. मी मोजले, आठ सेकंद.

क्षमाकडून असेही कळले, की माझे दुसरे पत्र आले त्या दिवशी गल्ल्यावर माझी बाजू घेतली गेली. काकी म्हणाल्या, “तुमी स्वता सातवी. तुमका खंयच्या भट्टीत भाजल्यानी? तरी हाटेल चलता मां?” आणि तुम्ही चहाच्या भांड्यावर झाकण जोरात आपटलेत, पण बोलला नाहीत.

काकींचे माझ्यावर उपकार आहेत. पण काका, मला ते म्हणणे घेता येत नाही. क्षमाला हे सांगितले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “आवशीन तुका आयता ताट वाढलां, आणि तू ताट धुवक निघालंस.” तरी लिहितो. तुम्ही सातवीवर हॉटेल उभे केलेत, म्हणून मी अर्ध्या बारावीवर संसार उभा करीन, हीसुद्धा पावासारखीच तुलना आहे. तिच्याही पोटात एक न बोललेले वाक्य आहे, की मी तुमच्यासारखा आहे. मी नाही. तुम्ही भीत नाही. बुधवारच्या बाजारात तुम्ही दोनशे माणसांना एकाच वेळी नावानिशी ओरडून चहा देता. मला दोन माणसांसमोर घाम येतो. खोटा नमुना माझ्या बाजूने लागला तरी खोटाच.

आणि हे लिहिता लिहिता मला तुमचे वाक्य सापडले.

तुम्हाला माझ्या शिक्षणाचे काही पडलेले नाही. तसे असते तर काकींना तुम्ही तिथल्या तिथे उत्तर दिले असते. तुमचे मधले वाक्य असे आहे: जो एकदा मध्येच सुटला, तो पुन्हा मध्येच सुटेल. आज परीक्षा सोडली, उद्या माझ्या पोरीला सोडील. एवढेच आहे. बापाने एवढे धरून चालणे मला गैर वाटत नाही.

ह्यावर पावाला विचारून उपयोग नाही. पाव एकदाच भाजतात. दुसऱ्या वेळी तो कसा वागला असता हे कोणालाच माहीत नसते. म्हणून माझेच सांगावे लागेल, आणि त्यात मी तुमच्याशी खोटे बोललो आहे.

घरी काहीच अडचण नव्हती. बाबा कामावर जात होते, आई डबा भरून देत होती. अडचण मीच होतो. भौतिकशास्त्राच्या पेपरात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तीनदा लिहिले. पहिल्यात आकृतीची रेघ वाकडी गेली. दुसऱ्यात एक शब्द खोडावा लागला. तिसरे अगदी निर्दोष झाले. घड्याळ पाहिले तर वीस मिनिटे उरली होती, आणि ती मी ते उत्तर वाचण्यात घालवली. रसायनशास्त्राच्या दिवशी घरून पेन, ओळखपत्र, पाण्याची बाटली घेऊन निघालो आणि केरीला गेलो. तेरेखोलच्या फेरीबोटीतून चार वेळा पलीकडे गेलो, चार वेळा परत आलो. खलाशाने विचारले, “काय हरवलां?” मी म्हणालो, नाही. संध्याकाळी आईला सांगितले, पेपर बरा गेला. तो निकाल लागेपर्यंत बराच होता.

मला भट्टीतून कोणी काढले नाही. मीच उडी मारली.

त्यानंतर सहा वर्षांत मी एकही तपासणी अर्धी ठेवून उठलो नाही. पण झाकणांवरून संसाराचे सांगणे ही पुन्हा तुलनाच झाली. ती तुम्ही दाबून बघा.

तुमचा,
साईश


तुये
२१ जानेवारी २०२५

ती. काकांस,

रविवारचे सगळे तुमच्यासमोरच घडले, तरी मी ते लिहितो आहे. एक तर मी त्या वेळी इतका घाबरलेला होतो, की बरोबर घडले की नाही ते लिहून तपासायचे आहे. दुसरे कारण शेवटी येईल.

तुमचा निरोप होता, ‘रविवारी सहाक हाटेलात ये.’ महिनाभर काहीही नाही, आणि मग एवढेच. मी पावणेसहाला स्कूटर लावून बाहेर उभा होतो. तुमच्या पोदेराने टोपली आत आणून ठेवली. तुम्ही हात पुसलेत, बाजूला झालात आणि म्हणालात, “तपास.”

मी विचारले, “नमुना?”

तुम्ही एक पाव निवडून माझ्यापुढे ठेवलात. मी विचारले, “कशासाठी? रंगासाठी, वजनासाठी, की—” तेव्हा तुम्ही हातातला फडका खांद्यावर टाकलात. मला वाटले, आता सतरा मिनिटेसुद्धा मिळणार नाहीत. मग म्हणालात, “दाबलो की वर येवंक होयो. रंगाक बघू नको.”

मला तेवढेच हवे होते. मी सुरुवात केली.

तुम्ही अंगठ्याने एका क्षणात करता, ते मला जमत नाही हे मान्य. मी दाबत होतो, सोडत होतो, उलटा करून बघत होतो. साडेसहाला बाकडी भरली. काकींनी भाजीच्या बश्या मांडल्या आणि पाव नाहीत म्हणून चमचे दिले. टॅक्सीवाले अनंत काका रांगेच्या टोकाकडून ओरडले, “कृष्णनाथा, ह्यो पाव तपासता काय पासपोर्ट?” सगळे हसले. कोणीतरी म्हणाले, “थांब, आता पावाक बूट काढूक लावतलो.” काका, माझे कान इतके तापले होते, की त्यांवर भाजी गरम झाली असती. त्र्याऐंशीव्या पावाला मला खरोखर वाटले, की हातातला ठेवावा, स्कूटरला किल्ली लावावी आणि जावे. केरीचा रस्ता डोळ्यांसमोर आला. मग चौऱ्याऐंशीवा घेतला.

एक्केचाळीस मिनिटे लागली. अकरा पाव नापास. सवयीने मी प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवली होती, आणि ती पोदेराने वाचली, तेव्हा मला वाटले की आता मार. नऊ चिठ्ठ्यांवर एकच कारण होते: ‘एकाच कडेला कच्चा.’ तो चिठ्ठ्या हातात धरून तसाच उभा राहिला. “म्हज्या भट्टीची दावी वट थंड पडटा,” तो म्हणाला. भट्टीची डावी बाजू. मग तुमच्याकडे वळून, “पंचवीस वर्सां तूं परत धाडटा आनी हांव परत व्हरतां. कारण आयज कळ्ळें.”

तुम्ही म्हणालात, “कारण तू इचारलंस कधी?”

“तुवें सांगलें केन्ना?”

तुम्ही दोघे भांडता आहात की हसता आहात, हे मला कळेना. मग तुम्ही माझ्याकडे आलात. “गिऱ्हायकां उपाशी मारलंस,” म्हणालात. आणि थोड्या वेळाने, टोपली उचलताना, माझ्याकडे न बघता, “पण मदीच सोडूंक नाय.” मग आत तोंड करून काकींना म्हणालात, “आयकलां गो, माझो होकार आसा.”

अनंत काकांनी बाकावर ताल धरला. काकींनी माझ्या हातावर साखर ठेवली, आणि मी ती खावी की धरून ठेवावी ह्या विचारात असतानाच क्षमा आतून चहा घेऊन आली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. आता दुसरे कारण.

तिने पेले खाली ठेवले आणि तुमच्या-माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, “तुमचा झाला? आता माका इचारा. दिवाळीत मी ह्याका म्हटलंय, एकदा घराक ये. मी चायेक बोलावलेलंय. ह्यो मामाक आणि नारळाक घेवन इलो. थंयसून दोन म्हयने तुमी पावार पत्रां लिवतास. माका कोणी इचारलां?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मी तुमच्याकडे पाहिले. आपल्या दोघांच्याही चेहऱ्यावर एकच होते: आपल्यापैकी कोणीच विचारले नव्हते.

काका, मी तुमचे न बोललेले वाक्य शोधायला दोन महिने घेतले, त्यासाठी आठ पाव वाया घालवले. आणि आपण दोघे मिळून जे धरून चाललो होतो, ते मला एकदाही दिसले नाही. नापास करणारे तुम्ही, पास होणारा मी, आणि क्षमा जणू ठरलेलीच. मी तिला कधी विचारलेच नव्हते. विमानतळावरच्या एका फलकातली चूक सांगायला मी मोपाला तिच्या खिडकीशी गेलो, त्या दिवसापासून दीड वर्ष आम्ही बोलतो आहोत. मला वाटत होते, विचारून झाले आहे.

काकी पदराने तोंड झाकून हसत होत्या. त्यांना हे आधीपासून माहीत होते, असा माझा संशय आहे.

तुमचा होकार मी जपून ठेवला आहे, पण तो अजून उघडता येत नाही. तिला विचारतो आणि कळवतो. भीती वाटते, हे लिहितो.

तुमचा,
साईश


तुये
३ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,

क्षमाने घरी काय सांगितले असेल ते मला माहीत नाही, म्हणून मी माझ्याकडून जसे घडले तसे लिहितो.

शनिवारी तिची पाळी दोनला सुटली. मी मोपाच्या बसथांब्यावर होतो. काय बोलायचे ते वहीत लिहून नेले होते, तीन मुद्दे आणि शेवटी प्रश्न. तिने वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. “तोंडान बोल.”

मग मी बोललो. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, कारण त्या वेळी मी घड्याळ पाहिले नाही. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडले. वाक्ये अर्धी राहिली, एक तर मी उलट्या टोकाकडून सुरू केले. पण प्रश्न विचारला.

ती म्हणाली, “मी नोकरी सोडूची नाय.” मी म्हणालो, नको सोडूस. ती म्हणाली, “माझी बदली भायर झाली तर?” मी म्हणालो, झाकणे सगळीकडे असतात. ती म्हणाली, “माझ्यापेक्षा कमी शिकलंय म्हणून रोज रडतलंस?” मी विचार केला आणि म्हणालो, रोज नाही. तिला हसू आले. “बस येयसर विचार करतंय,” म्हणाली आणि बस येईपर्यंतची मुदत घेऊन बाकावर माझ्याशेजारी बसली.

डिचोलीची बस आली. दार उघडले, दोन माणसे चढली, दार बंद झाले, बस गेली. ती जागची हलली नाही.

मी म्हणालो, “बस गेली.”

“दिसली माका.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय ता तू काढ. बाबांच्या पोटातला वाक्य काढलंस, माझा काढूक येणा नाय?”

काका, कोणीही सांगितले असते त्या बसचा अर्थ काय. मलाही कळला होता. पण दोन महिने मी जे शिकलो, ते त्या क्षणी सोडून कसे देऊ? मी म्हणालो, “मी धरून चालणार नाही. तू बोल.”

तिने पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाली, “होय रे बाबा. माका तू होयो.”

हे तिने तीनदा म्हटले. दुसऱ्यांदा, कारण मी खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा, कारण दुसऱ्या वेळी डोक्यावरून विमान गेले आणि मला फक्त तिचे ओठ दिसले. तोपर्यंत पुढची बस येऊन उभी राहिली होती आणि तिला एवढ्या जोराने ओरडावे लागले, की खिडक्यांतून माणसे वाकून बघायला लागली.

त्या बसचा कंडक्टर पाळये गावचा, नाव जयराम. त्याने आम्हा दोघांना आधी तिकीट दिले आणि मग सांगितले, की वाक्य त्याने शब्दन् शब्द ऐकले आहे, आणि साखरपुड्याला साक्षीदार लागला तर त्याची रविवारी सुट्टी असते.

तुमचा,
साईश